तेलाचा ब्रेक

जाफराबादचा आमचा सायकलवाला गिऱ्हाईक बोलू लागलं की चाक फिरवायचा आणि चाक थांबल्यावरच उत्तर द्यायचा.

पुण्याहून मुलीसाठी मिरवत आणलेल्या सायकलचा तेलावरचा डिस्क ब्रेक वर्षभरात लागेनासा झाला. तिच्या कॉलेजच्या वाटेवर पुलाचा मोठा उतार. "मोटारसायकलच्या ब्रेकचं तेल भरून टाका," मी फर्मावलं.

चाक थांबलं. "ब्रेकवर मिनरल ऑइल लिहेल हाय, सर. दुसऱ्या तेलानं कॅलिपरातलं, म्हंजी चकतीला दाबतो त्या भागातलं, रबर फुगंल. अन् खरं सांगू? हे काम मला येत न्हाई."

मी इंग्रजी शिकवतो, पण ते वाचलं नव्हतं. काम येत नाही म्हणणारा कारागीरही आजवर पाहिला नव्हता.

त्यानं स्वतःची जुनी सायकल पुढे केली. "ताईला ही द्या. दिसायला अशीतशीच हाय, पण थांबती."

सायकल पुण्याला धाडली; ब्रेक दुरुस्त होऊन ती परत यायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस तो दुकानात पायी येत होता.