मारिसेलच्या वहीतलं सतरावं घर

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं. अंगात आलेल्या बाईला सगळ्या गावादेखत "आधी पदर सावर, मग घुम" असं म्हणणारी मी. त्यामुळे हे लिहायला तीन वर्षं लागली... लिहू की नको, लिहू की नको करत.

तर, गाव दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. रिटायर झाल्यावर मी इथे, माझ्या जन्मगावी परत आले. लग्न केलेलं नाही. गावाबाहेर सिस्टर लोकांचा एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या मोठ्या सिस्टर एक दिवस घरी आल्या. सोबत पंचविशीची एक मुलगी होती – मारिसेल, फिलिपिन्सची. मिशनच्या कामाचं ट्रेनिंग घ्यायला इतक्या लांब आलेली. तिला मराठी शिकवाल का, वर्षाअखेर तोंडी परीक्षा आहे, नापास झाली तर तिला दुसऱ्या देशात पाठवतील, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या धर्माशी मला देणंघेणं नाही, मराठीशी आहे. पाठवा उद्यापासून.

त्यांची शिकायची पद्धत मला आवडली. रोज एकच नवं वाक्य घ्यायचं, आणि ते पंचवीस घरी जाऊन म्हणायचं. समोरचा जे उत्तर देईल ते कळो न कळो, जसं कानावर पडेल तसं इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवायचं. मग वही माझ्याकडे. मी मोठ्याने वाचायची, अर्थ सांगायची, लाल पेनाने दुरुस्त करून खाली सही ठोकायची. मारिसेलचा कान असा तयार की माणूस खोकला तर खोकलाही वहीत यायचा! गावात लोक मला विचारायचे, "बाई, पोरगी मणिपूरची हाय का जी?" आठवड्याभरात ती सगळ्यांची झाली. फक्त तिच्या यादीतलं सतरावं घर माझ्या भावाचं होतं, आणि त्या घराचं उत्तर वाचताना मी चष्मा पुसायचं निमित्त काढायची.

देवराव, माझा धाकटा भाऊ. आमच्यात नऊ वर्षं बोलणं नव्हतं. चूक माझीच होती, आज सरळ कबूल करते. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितर जेवू घालतात. गेलेल्या बाईच्या नावाने एखाद्या म्हाताऱ्या बाईला पाटावर बसवायचं, पळसाच्या पत्रावळीवर वाढायचं. आणि आमच्या घरची रीत अशी की आईच्या पानाभोवती पाणी लेकीने सोडायचं, त्याशिवाय घास उचलायचा नाही. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच अक्षय तृतीयेला, पाटावर बसलेल्या बाईदेखत, भरल्या घरात मी म्हणाले, "मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, देवा. ही नाटकं बंद कर." देवाने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग तू येऊ नोको, बाई." झालं. तोही हट्टी, मी त्याच्याहून हट्टी.

मारिसेल आली त्या वर्षी त्याला छातीचं दुखणं झालं. नागपूरला नेऊन आणला. मला दूधवाल्याकडून कळलं. दोनदा त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले. जगात माझं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं होतं, आणि माझे पाय कोपऱ्यावर अडत होते... लाज वाटत होती, दुसरं काय.

अक्षय तृतीयेच्या दिवशी सणाला साजेसं म्हणून मी मारिसेलला वाक्य दिलं – "तुम्ही जेवलात का?" सणाबद्दल काही सांगितलं नाही, पितरांबद्दल तर नाहीच. दुपारी एकच्या सुमारास ती लालबुंद होऊन परतली. मी तिला पन्हं दिलं आणि वही वाचायला घेतली. जेवलो जी. नाही अजून. या ना बाई जेवाले. सगळं नेहमीचं. मग सतरावं घर आलं.

मी सवयीने मोठ्याने वाचत गेले – "नाही बाई. पान वाढून हाय. भिंगरी येऊन नाही राहिली. ते येईल, पानी सोडल, मंग जेवीन."

मी तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली.

भिंगरी म्हणजे मी. लहानपणी एका जागी बसत नव्हते म्हणून आईने ठेवलेलं नाव. आई सोडून कोणीच मला त्या नावाने हाक मारली नाही. ते नाव माहीत असलेलं जिवंत माणूस एकच, देवा.

"हे कोण बोललं?" मी विचारलं.

"आजी," मारिसेल म्हणाली. "छपरीत, पाटावर. हिरवं लुगडं. एकटी बसली."

"आत माणसं होती?"

"आत तळणाचा आवाज. बाहेर फक्त आजी. बाई, भिंगरी म्हणजे काय?"

मी वही काखेत मारली. चपला घातल्या आणि निघाले. माझ्या डोक्यात एकच – देवानेच हिला पढवलं असणार. चांगला जाब विचारायचा. रागातच कोपरा ओलांडला, तेव्हा लक्षातही आलं नाही की ओलांडला म्हणून.

देवाच्या घरापुढच्या छपरीत पाट मांडलेला होता. पत्रावळीवर वडे, कढी, कुरड्या, वाटीत आमरस. पाटावर कोणी नव्हतं. देवा मागच्या अंगणातून आला. किती वाळला होता!

"पाटावर कोण होतं?" मी विचारलं.

"कोनी नाही. ज्या बाईले सांगतलं होतं, तिले ताप आला. दुसरं कोनी भेटते का पाहाले गेलतो, आत्ताच आलो मांगच्या दारानं." मग त्याने मला नीट पाहिलं. "पन तू काहून आली, बाई?"

जाब विचारायला आले होते. तोंडातून निघालं, "पाणी सोडायला."

तो आत गेला. तांब्या भरून आणला. तो मी त्याच्या हातातून घेतला. पानाभोवती पाणी सोडलं. मग आम्ही दोघं बाजूलाच खाली बसून जेवलो. त्याची बायको वाढत होती आणि डोळे पुसत होती. कढीत मीठ जास्त झालं होतं. मी तसं म्हटलं, तर देवा हसला. "नऊ वर्सानं आली अन् आल्याबरोबर तपासाले लागली!"

हात धुतो न धुतो तोच मारिसेल वहीसाठी दारात आली. मी "ये गं" म्हणून हाक मारली, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. चपला हातात घेऊन, पाटाच्या बाजूने भिंतीच्या कडेकडेने ती आमच्याकडे आली, आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, आजी झोपली."

आम्ही दोघांनी पाहिलं. रिकामा पाट, पत्रावळ, आणि भिंत.

देवा लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लपवत नाही.

नंतर मी शिक्षिकेच्या बुद्धीने सगळे हिशोब करून पाहिले. देवाने पढवलं असेल? त्याने आईची शपथ घेतली, आणि खरं सांगायचं तर एवढं रचणं त्याला जमणारं नाही. कोणी वाटसरू म्हातारी सावलीला टेकली असेल? असेल. मग तिला ते नाव कुठून ठाऊक? उन्हाने मारिसेलला भास झाला असेल? पण भासात माणूस न शिकलेली भाषा ऐकतो का? "येऊन नाही राहिली" हे आमच्याकडचं 'येत नाहीये' मी तिला कधी शिकवलं नव्हतं, आणि भिंगरी हे नाव तर तिने कधी ऐकलंच नव्हतं. आईचा फोटो माझ्या कपाटात आहे. तो मारिसेलला दाखवला असता तर सोक्षमोक्ष लागला असता. मी दाखवला नाही. 'हीच' म्हणाली असती तर भीती होती, 'ही नाही' म्हणाली असती तर त्याहून जास्त. ती परीक्षा पास झाली, पुढे तिची बदलीही झाली. जाताना वही मलाच देऊन गेली.

त्या पौषात देवा गेला. झोपेतच. पण मधले आठ महिने रोज संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा, चहाला नावं ठेवायचा. ते आठ महिने मला कोणी दिले? आता अक्षय तृतीयेला आईच्या शेजारी त्याचं पान असतं. दोन्ही पानांभोवती पाणी मीच सोडते, आणि विश्वास आहे का असं कोणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणते.

त्या वहीत प्रत्येक दिवसाखाली माझी लाल सही आहे. त्या एका दिवसाखाली नाही. तिथे काय दुरुस्त करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.