चार वाजताची नाडी

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या चहाटपरीवर मी जाहीर करून टाकलं होतं, की नरखेडकडे चुलतभावाच्या संत्र्याच्या बागेत आठवडाभर राहायला चाललोय. हात पसरून बाग दाखवली, मोटरपंपाचा आवाज काढला, संत्र्याची साल सोलण्याचा अभिनयसुद्धा केला. मग घरी आलो, पिशवीत दोन लुंग्या कोंबल्या आणि रिक्षाने दवाखान्यात जाऊन एकटाच भरती झालो. न्यूमोनिया होता.

खोटं बोलण्याचं कारण सांगतो. मी बोलणारा माणूस. टपरीवर माझ्याभोवती सात-आठ जण जमतात, आणि गोष्ट कुठे थांबवायची, कुठे चहाचा घोट घ्यायचा, हे मला बरोबर कळतं. पण त्या आठवड्यात तीन वाक्यांनंतर दम लागायला लागला. गोष्ट अर्ध्यावर टाकून धापा टाकणारा मी कुणी बघावा, हे मला मंजूर नव्हतं. घरी सांगायला कुणी नव्हतंच. बायको जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही.

वॉर्ड पाहून मात्र मी खूश झालो. बायकोच्या आजारपणात मी पाहिलेला दवाखाना नातेवाइकांच्या जिवावर चालायचा. सलाईनच्या बाटलीकडे टक लावून बसायचं आणि संपत आली की सिस्टरला शोधत धावायचं, हे काम माझं. त्यात मी तरबेज होतो. इथे बाटली संपायच्या आधी यंत्र स्वतःच टुणटुण करायचं. गादीखाली एक पातळ पट्टी होती. अंगाला वायर नाही, बोटाला चिमटा नाही. नुसतं पडून राहायचं, आणि नाडी किती, श्वास किती, माणूस पलंगावर आहे की उठून गेला, सगळं काउंटरवरच्या पडद्यावर दिसायचं.

"म्हणजे चहाडखोर गादी आहे ही," मी सिस्टरला म्हणालो.

सिस्टर भिवापूरची, तिथल्या मिरचीला शोभणारी. "चहाडी करते म्हणून तं तुमी झोपून राह्यले, काका. आधी आमी पेशंटले उठवून पाहत होतो, नीट झोपला का म्हणून. आन् ते सारं रजिस्टरात लिहिता लिहिता ड्युटी सरून जाये."

"मग आता ड्युटीत काय करता?"

"तुमच्यासारख्याचं ऐकतो."

खरंच ऐकायची. उशी नीट करायला आली की पाच मिनिटं टेकायची. मी तिला तीन वाक्यांच्या गोष्टी सांगायचो. चौथं वाक्य परवडत नव्हतं.

भेटीची वेळ चार ते सहा. चारला लिफ्ट उघडली की वॉर्डात डबे, पिशव्या, मावश्या आणि कुणाचे तरी जावई शिरायचे. प्रत्येक पलंगाशी एक स्टूल. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांची सून रोज विचारायची, "काका, तुमचं स्टूल घेऊ का? रिकामंच आहे ना." मी राजासारखा हात हलवून "न्या" म्हणायचो आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. सोंग उत्तम वठायचं. मी घोरायचोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चारला सिस्टर धावत आली. "काका, छातीत दुखून राह्यलं का?" मी नाही म्हणालो. तिने मनगट धरून नाडी मोजली, बीपी घेतलं आणि गेली. तिसऱ्या दिवशी परत चारलाच आली. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या. ताप गेला होता, छाती मोकळी होत होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची होती. पण रोज चारला नाडी इतकी का पळते, ते त्यांना कळेना. ईसीजी ठीक निघाला. "आज परत तसं झालं तर सुट्टी नाही. ठेवून घेऊन हृदयाच्या सगळ्या तपासण्या करू," म्हणाले.

जेवणानंतर सिस्टर स्टूल ओढून बसली. "काका, चारले कोन येनार हाये?"

"कुणी नाही. कुणाला ठाऊकच नाही मी इथे आहे ते."

"मंग लिफ्ट उघडली का तुमची नाडी काहून पळते? वॉर्डात शेवटचा मानूस येऊन बसेपर्यंत पळते, मंग हळूहळू खाली येते. तीन दिवसांपासून पाहून राह्यली मी."

टपरीवर अशा वेळी मला हमखास काहीतरी सुचतं. तेव्हा मी नुसती चादर गळ्यापर्यंत ओढली. सोंग तोंडाचं होतं, पट्टी पाठीखाली होती.

"डॉक्टरांना सांगू नका," मी म्हणालो.

"सांगतो नं. नाही तं ते चांगलं हृदय तपासत बसतीन. फोन लावा कोनाले तरी."

टपरीवरचा माझा दोस्त एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याला फोन लावला. सांगायची होती पाच वाक्यं, तिसऱ्यालाच धाप लागली. या माणसाने जन्मात कधी माझं बोलणं पुरं होऊ दिलेलं नाही. आज तो पलीकडे थांबून राहिला. मग म्हणाला, "हळू बोल गा. ऐकून राह्यलो मी."

चारला लिफ्ट उघडली. माझं स्टूल सवयीने शेजारी गेलं होतं. कंडक्टर पिशवी घेऊन समोर उभा राहिला आणि माझ्या हातातल्या सलाईनच्या नळीकडे पाहू लागला.

"बागेत झाडाले ठिबक लावतेत, तुले कोनं लावलं गा?"

मी हसलो, खोकलो.

"हे तुह्या बागेतले संत्रे," त्याने पिशवी ठेवली. "आपल्या चौकातल्या ठेल्यावर भेटले."

"रागावलास?"

"पाच दिवस झाले, टपरीवर कोनी बोलून नाही राह्यलं. चहा पेतो आन् घरी जातो. अन् तू इथं एकटा. मेला असता तं आमाले कोनं सांगतलं असतं, लेका?"

बसायला जागा नाही म्हणून तो सरळ माझ्या पलंगावर टेकला आणि काउंटरवर आवाज सुरू झाला. एका गादीवर दोन माणसं, पट्टीला काही उमजेना. आता सिस्टर धावत येईल म्हणून मी वाट पाहिली. तिने तिथूनच आमच्याकडे पाहिलं, बोटाने आवाज बंद केला आणि पलीकडच्या पलंगाकडे गेली. मला जरा वाईटच वाटलं.

कंडक्टर सहापर्यंत संत्री सोलत बसला. सिस्टरने डॉक्टरांना कारण सांगून माझी सुट्टी पक्की करून आणली होती, म्हणून उद्या अकराला न्यायला येतो म्हणाला आणि गेला. लिफ्टचं दार लागलं. सूनबाईंनी स्टूल आणून जागेवर ठेवलं. पट्टी पुन्हा एकाच माणसाचं मोजू लागली असणार, कारण काउंटरवरून काही आवाज आला नाही.