दोन्हीकडे बघणाऱ्या गभने मॅडम

महिना उलटला, पण मन काही ठिकाणावर येत नाही. त्या दुपारी सिहोऱ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात चाचणी परीक्षा चालू होती. गभने मॅडमच्या मिस्टरांचा भंडाऱ्याहून फोन आला. "सर, कल्पना गेली..." सकाळी छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं होतं, एवढंच त्यांना सांगता आलं. समोर पोरं गणिताचा पेपर सोडवत होती. मॅडमनीच काढलेला. मी बाकांमधून नुसत्या फेऱ्या मारत राहिलो.

त्या गणित शिकवायच्या, मी भौतिकशास्त्र. यंदा आंबागडच्या सुनीताची आई लकव्याने अंथरुणाला खिळली आणि सुनीताचं बारावीच्या वर्गात येणं बंद झालं. आम्ही हळहळलो. मॅडमनी सुनीताला व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतःचा मोबाईल स्टँडला लावून वर्गात उभा केला. पुढे भाताच्या रोवणीत घर सांभाळायला थांबलेल्या आणखी काही मुली घरूनच तासाला बसू लागल्या. मग मॅडमची नुसती तारांबळ. फळ्यावर लिहायचं, वळून मोबाईलला विचारायचं, तेवढ्यात मागचे बाक बोलू लागायचे. रेंज गेली की तेच गणित पुन्हा. एकदा एक पालक तणतणत आले. आमची पोरं रोज सायकल हाणत येतात आणि मॅडम मोबाईललाच शिकवतात, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. मॅडम स्टाफरूममध्ये येऊन बसल्या, उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या.

"सर, इकडं पाह्यलं का तिकडची सुटते, तिकडं पाह्यलं का इकडचे सुटतात. मी करू काय?"

मी म्हटलं, दोन-चार मुलींसाठी किती जीव आटवाल? त्या म्हणाल्या, "कोणाले सोडू, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न वर्गापुढे ठेवला. तोड पोरांनीच काढली. रोज एकजण मोबाईलपाशी बसायचं, तिकडच्या शंका मोठ्याने विचारायच्या. सुनीताला अडलेलं गणित बहुतेकदा पुढच्या बाकांनाही अडलेलं असायचं. ते पालक पुन्हा आले नाहीत.

आता तो तास माझ्याकडे आहे, मोबाईलही माझाच. परवा फळा भरला, मी घाईने डस्टर उचललं. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, पुसू नका. मॅडम नव्हत्या पुसत. सुनीता लिहून राहिली अजून."

अख्खा वर्ग थांबला होता. मीही डस्टर धरून उभा राहिलो... मोबाईलमधून "झालं" ऐकू येईपर्यंत.