भित्तिपत्रकावरचा कोरा कागद

"बाई, ते पान आत्ता उतरवा. माझ्यासमोर."

आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष भित्तिपत्रकासमोर उभे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भित्तिपत्रक म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेलं मासिक. पानं कुलपाचं काचेचं दार असलेल्या फळ्यात टाचणीने लावायची, महिनाभर ठेवायची. मी मराठी शिकवते, म्हणून फळ्याची चावी माझ्या पर्समध्ये.

पान नववीतल्या ऋतुजाचं होतं. शीर्षक, 'आम्ही पलीकडे राहतो'. दिवेआगरला तिच्या आईचा होमस्टे आहे. शनिवारी गाड्या आल्या की मायलेकी आपल्या खोल्या रिकाम्या करतात आणि मागच्या पडवीत सुपारीच्या पोत्यांशेजारी झोपतात. तुम्ही कुठे राहता, असं पाहुण्यांनी विचारलं की आई सांगते, "पलीकडे." ऋतुजाने लिहिलं होतं, 'पलीकडे म्हणजे भिंतीच्या पलीकडे. रात्री पाहुण्यांची मुलगी माझ्या गादीवर रडते. तिला झोप का येत नाही ते मला माहीत असतं. त्या गादीत डाव्या बाजूला खड्डा आहे.'

"गावाची बदनामी आहे ही," भाऊ म्हणाले. त्यांचं स्वतःचं रिसॉर्ट आहे. "कोणी फोटो काढून नेटवर टाकला तर गिऱ्हाईक फिरकेल काय? आणि पर्यवेक्षकपदासाठी तुमचं नाव मीच पाठवतोय ना?"

मी पान उतरवलं.

मधल्या सुट्टीत ऋतुजा आली. "बाई, त्यात खोटं काय होतं?"

"खोटं नाही गं. वेळ बरी नव्हती."

"मग कधी लावायचं? पावसात? तेव्हा पाहुणे नसतात."

"त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहून दे," मी म्हटलं. "सूर्यास्तावर लिही."

दुसऱ्या दिवशी तिने कागद दिला. वर तेच शीर्षक, खाली तिचं नाव. मध्ये काही नाही.

"हे काय?"

"तुम्हीच शिकवलंत, शीर्षक वाचून माणसाने थांबलं पाहिजे."

मी तो कागद लावला. धैर्य वगैरे काही नव्हतं. कोऱ्या कागदाला कोण काय म्हणणार, एवढाच विचार.

तो चुकला. पोरं थांबायला लागली. 'पुढे काय?' म्हणून ऋतुजाला विचारायची, ती उभ्या उभ्या सगळं म्हणून दाखवायची. आठवड्याभरात पाचवीची पोरं कबड्डी खेळताना 'डाव्या बाजूला खड्डा!' ओरडत होती.

भाऊंनी तिच्या आईला ऑफिसात बोलावलं. मलाही.

"वहिनी, पोरीला आवरा. माझ्याकडची जादा गिऱ्हाईकं मी तुमच्याकडे पाठवतो, ते विसरू नका."

आईने माझ्याकडे पाहिलं. "बाई, काय लिवलंय ते वाचा तरी. मी ऐकलेलं न्हाय."

उतरवलेलं पान माझ्याकडेच होतं. मी वाचलं. ती खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मोरीचं राह्यलं. पाहुणे उठायच्या आधी आमाला अंघोळी उरकाव्या लागतात, ते न्हाय लिवलं हिनं." मग भाऊंकडे वळली. "गिऱ्हाईक तुमी पाठवता, ते खरं हाय. पण पडवीत आमी झोपतो, ते पण खरंच ना?"

भाऊंनी माझ्यापुढे हात केला. "चावी द्या, बाई."

वीसेक वर्षांत अशी कितीतरी पानं मी फळ्यापर्यंत पोचूच दिली नव्हती. कोणी न सांगता. ती मुलं 'का?' विचारायलाही आली नाहीत. मी त्यांना 'सूर्यास्त' शिकवला होता.

"नाही देणार," मी म्हटलं.

"काय?"

"चावी नाही देणार. पान आत्ता परत लावते. मोरीचं लिहून आणलं तर तेही लावीन. मेमो मला द्या. वहिनींना पुन्हा बोलावू नका."

मेमो आला. पर्यवेक्षकपद दुसऱ्याला मिळालं. भाऊंनी ऋतुजाकडे पाहुणे पाठवणं बंद केलं, ते पुढचा लाँग वीकेंड येईपर्यंत. रिसॉर्ट भरलं तेव्हा गाड्या मुकाट तिच्याच दारात आल्या. पान महिनाभर राहिलं, मोरीसकट.

ऋतुजा आता अकरावीत आहे. अजून लिहिते. भेटते तेव्हा नीट बोलते, पण लिहिलेलं आधी मला दाखवत नाही. पहिल्यांदा पान मीच उतरवलं होतं. तिचं बरोबर आहे.

नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगते, मुलांना 'खरं लिहा' म्हणण्याआधी फळ्याची चावी कोणी मागितली तर काय करणार, ते ठरवून ठेवा. माझी अजून पर्समध्येच आहे.