घनसावंगीत पियानो

संगीताला देशाच्या सीमा नसतात. घनसावंगीच्या वाचनालयात एकोणिसाव्या शतकातल्या एका पियानोवादकावर मी व्याख्यान देणार होतो, त्याचं हे पहिलं वाक्य. जालन्याहून निघालेल्या बसमध्ये ते मला खरंही वाटत होतं.

हा गृहस्थ तरुणपणी युरोपातल्या मैफली गाजवून समुद्रापार गेला आणि उरलेलं आयुष्य तिथल्या व्यापाऱ्यांच्या मुलींना पियानो शिकवत बसला. मैफलीत कुणी कुजबुजलं की हा वाजवणं थांबवायचा. त्याची एक छोटी रचना मी मोबाइलमध्ये नेली होती. व्याख्यान कापलं तरी चालेल, पण ती लोकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकावी, एवढीच माझी इच्छा होती.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्याचा फोटो मोठा करून आणला होता. हार घातल्यावर ते माझ्या कानाशी लागले.

"सर, गंध लावू का? किरिस्ताव व्हते ना हे?"

"लावा की. आता ते कशाला न्हाई म्हणतात!" मीही त्यांच्याच बोलीत म्हणालो.

मग सत्कार सुरू झाले. स्पीकरवर सनई लावलेली होती. तिकडे सनईशिवाय शाल अंगावर पडत नाही. व्यासपीठ संपलं, पहिली रांग संपली, सनई थांबली आणि माझी पाळी आली.

"जल्दी घ्या सर, जेवण थंडं होऊन राह्यलंय," अध्यक्ष म्हणाले.

मी त्या माणसाचं सगळं आयुष्य चार वाक्यांत उरकलं, कुणी बोलू नये अशी विनंती केली आणि मोबाइल स्पीकरला जोडला. सभागृह खरोखर शांत झालं. पियानोचे पहिले सूर उमटले.

खुर्चीत डुलक्या घेणारे सूत्रसंचालक त्या सुरांनी दचकून उठले आणि त्यांनी माइक ओढला. "आणि आता, अनवधानाने राहून गेलेले सत्कार!"

मागच्या रांगा उठल्या. कुणी फेटा सावरला, कुणी फोटोवाल्याला हाका मारल्या. रचना थांबवायला मी हात पुढे केला, तर अध्यक्षांनी तो धरला.

"राहू द्या सर, बराबर लावलंय. बिगर म्युझिकचा सत्कार बिलकुल बरा दिसत न्हाई."

रचना शेवटपर्यंत वाजली. सत्कार उरले होते, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून लावण्यात आली.