शून्य वर, सहा खाली

माझ्या भाचीला कुणी "काय गं, सगळं ठीक ना?" असं विचारलं, की ती उलट विचारते, "सगळं म्हणजे नेमकं काय?" ही खोड तिला नोकरीने लावली, की खोडीमुळेच नोकरी मिळाली, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. मी अर्थातच दोन्हीकडे बसून चहा पितो.

नोकरी पाणीखात्यात. पंप कधी सुरू व्हावा, कधी थांबावा, टाकीत पाणी किती, त्यात औषध किती, हे सगळं लोखंडी कपाटातल्या तारा आणि पेट्या ठरवतात. त्या कपाटांची किल्ली हिच्याकडे. लोकांना वाटतं, पाणी नळामुळे येतं. पाणी आलं नाही की मात्र त्यांना एकदम खातं आठवतं.

खात्यात तिला सगळे 'सेन्सरबाई' म्हणतात. टाकीच्या छताला आतून एक सेन्सर टांगलेला आहे. तो पाण्याची पातळी मोजतो आणि खाली स्क्रीनवर आकडा दाखवतो. बाई दर महिन्याला शिडी चढून जातात, टेप सोडून पाणी स्वतः मोजतात आणि सेन्सर खरं बोलतोय ना, ते पडताळून बघतात. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने सासूबाईंच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला होता आणि बाहेरचं बटण काहीही सांगतं, असं जाहीर केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दूध नासत नाही ना? मग त्याला जे सांगायचंय ते सांगू दे."

पण ही जागा सहज मिळालेली नव्हती. शिकून चार वर्षं ती कारखान्यांचे उंबरे झिजवत होती. सगळीकडे एकच उत्तर, कंट्रोल पॅनेलवर बाईमाणूस नको. शेवटी पाणीखात्याने घेतलं, तेही एक वर्षाच्या परीक्षेवर. वर्षाअखेर साहेबांनी अहवाल लिहायचा. बरा लिहिला तर कायम, नाही तर पुन्हा उंबरे.

आता साहेबांविषयी. साहेब बागखात्यातून आले होते. तिथे तीन वर्षांत त्यांनी एक कारंजं बंद पाडलं. त्यावरून त्यांना पाण्याचा अनुभव आहे असं धरून इकडे पाठवलं, असं पंपवाले काका सांगतात. काका तीस वर्षं पंपाच्या अंगावर हात ठेवून त्याची तब्येत सांगतात आणि माणसांची हात न लावता सांगतात. ही सगळी हकिगत निम्मी काकांची, निम्मी भाचीची. दोघांच्या मध्ये जे उरतं ते माझं.

टाकीवर स्क्रीनच्या आधीपासूनची एक व्यवस्था आहे. आत पाण्यावर एक डबा तरंगतो. त्याचा दोर वरच्या कप्पीवरून बाहेर येतो आणि दोराच्या टोकाला लाल बाण लटकतो. बाणामागे भिंतीवर उंच पट्टी, तिच्यावर आकडे. पाणी चढलं की डबा चढतो आणि बाहेरचा बाण उतरतो. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येणारच. म्हणून पट्टीवर शून्य सगळ्यांत वर आणि सहा सगळ्यांत खाली. टाकी भरली की बाण तळाशी.

साहेबांनी टाकी रंगवायला काढली. ते काम त्यांच्या मेहुण्याला मिळालं. योगायोग असतात. मेहुणा रंगवता रंगवता पट्टीपाशी आला आणि त्याला आपल्या आधीच्या रंगाऱ्याची कीव आली. उलटे आकडे? त्याने शून्य खाली घेतलं आणि सहा वर नेला, तेही ठसठशीत.

भाची शिडीखाली जाऊन उभी राहिली. "अहो, आकडे उलटे झाले."

"उलटे होते बाई, मी सुलटे केले."

"बाण खाली उतरतो तेव्हा टाकी भरते."

मेहुण्याने ब्रश डब्यात बुडवला. "तुमच्या शाळेत सहा मोठा होता की शून्य?"

तिने साहेबांना अर्ज दिला. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून परत केला. काय पाहिलं ते लिहिलं नव्हतं.

आठ दिवस काही झालं नाही. त्यामागेही गंमत आहे. साहेब अकराला यायचे आणि गाडीतून उतरताना टाकीकडे बघायचे. त्या वेळेला टाकी बरोबर निम्मी असते. स्क्रीनवर तीन मीटर आणि पट्टीवरही तीन. निम्म्यावर खोटंसुद्धा खऱ्याशी जुळतं. साहेब खुशीत वर जायचे.

नवव्या दिवशी बैठक लांबली आणि साहेब चार वाजता खाली आले. संध्याकाळच्या पाण्यासाठी टाकी तेव्हा भरलेली असते. बाण तळाला आणि पट्टीवर शून्याच्या जरा वर. साहेब धावत नियंत्रण खोलीत शिरले. स्क्रीनवर पाच पूर्णांक सहा.

"बाई, टाकी रिकामी आहे आणि तुमचं यंत्र भरलीय म्हणतंय. पंप लावा."

"भरलीय साहेब. म्हणून तर पंप आपोआप थांबलाय."

"मग आपोआप काढा आणि हाताने लावा."

"हाताने लावला तर खालच्या गल्लीत कंबरभर पाणी होईल. चला, वर चढून बघू. चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत."

साहेबांनी पायऱ्यांकडे बघितलं, मग पोटाकडे. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," ते म्हणाले. "आणि तुमचा अहवाल माझ्या टेबलावर आहे, हेही बघून ठेवा."

तिने किल्ली मुठीत धरली आणि पंप लावला नाही. संध्याकाळी नेहमीसारखं पाणी सोडलं, गल्लीगल्लीत हंडे भरले. टाकी उतरत गेली तसा बाण ऐटीत वर चढत गेला. काका म्हणाले, "लोक जेवढं पाणी नेतात तेवढी आपली टाकी भरते. अशी टाकी प्रत्येक घरात हवी."

दुसऱ्या दिवशी साहेब आल्या आल्या तिने त्यांना अंगणात उभं केलं. टाकी निम्मी होती, दोन्हीकडे तीन. "आता पंप लावते. तुम्ही फक्त बाण बघा." पंप सुरू झाला. स्क्रीनवर तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक दोन. बाहेर बाण खाली निघाला, पट्टीवर दोन पूर्णांक नऊ, दोन पूर्णांक आठ. एवढं बघितल्यावर दगडालासुद्धा उमगलं असतं, असं तिला वाटलं. दगड कधी साहेब झालेला नसतो, हे ती विसरली.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "पाणी घालतोय तरी पातळी उतरतेय. टाकी गळतेय."

"गळत असती तर स्क्रीनवर वाढली कशी असती?"

"स्क्रीन तुमची आहे."

"आणि काल संध्याकाळी बाण वर चढला तो?"

"तेव्हा गळती बुजली असेल."

काकांनी पंपाच्या अंगावर हात ठेवून डोळे मिटले. ते म्हणतात, पंप हसत होता.

साहेबांनी मुख्य कार्यालयाला तातडीचं पत्र लिहिलं आणि गळती शोधणारं पथक आलं. तीन माणसं, लांब लोखंडी कांड्या. कांडीचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. दोन दिवस त्यांनी टाकीभोवतीची माती अशी ऐकली, जशी आमच्या शेजारीण बाई भिंत ऐकतात. माती कोरडी ठणठणीत.

तिसऱ्या दिवशी पथकाचे प्रमुख सावलीत डबा खात होते. जाड भिंगांचा चष्मा, घास तोंडात, नजर पट्टीवर. घास तोंडातच राहिला.

"काका, दोर आत कप्पीवरून जातो का?"

"जातो."

"मग हे आकडे कुणी लिहिले?"

काकांनी आकाशाकडे बघितलं. "वाऱ्याने उलटले असतील."

प्रमुख इतके हसले की त्यांच्या डब्यातली आमटी सांडली. मग म्हणाले, "मला पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवायचाय. त्यावर तंत्रज्ञाची, म्हणजे बाईंची, सही लागेल."

आता मात्र साहेब हिशेब करू लागले. मुख्य कार्यालय विचारणार, पथक कशाला बोलावलं? मग विचारणार, आकडे कुणी रंगवले? साडेचारला त्यांनी भाचीला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. वर्षभरात पहिल्यांदा. टेबलावर टाइप केलेला कागद होता. सेन्सर चुकीचा बसवला गेला होता, चूक मान्य आहे, आता दुरुस्त केला आहे. खाली तिच्या सहीची जागा.

"एवढी सही करा. तुमचा अहवाल मी आजच चांगला लिहितो."

मी असतो तर दोन सह्या केल्या असत्या आणि चहा दुसरा मागवला असता. तिने कागद दोनदा वाचला. समोर चार वर्षांचे उंबरे, शेजारी कायमची नोकरी.

"साहेब, उद्या टाकी खरंच रिकामी झाली आणि सेन्सर तसं म्हणाला, तर त्याचं कोण ऐकेल? एकदा कागदावर खोटा पडला की तो दर वेळी खोटाच. सही नाही करत."

"मग अहवालाचं माझ्याकडे काही मागू नका."

"नाही मागत." तिने कोरा कागद ओढला आणि तीन ओळी लिहिल्या. टाकीला गळती नाही. सेन्सर बरोबर आहे. पट्टीवरचे आकडे उलट्या क्रमाने रंगवले आहेत, ते बदलावेत. सही केली आणि पेन तसंच हातात ठेवून विचारलं, "कुणी रंगवले, तेही लिहू? नाव पाठ आहे मला."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पाचला दहा कमी.

"एवढं बारीक कशाला," ते म्हणाले आणि खाली स्वतःची सही केली.

आकडे पुन्हा रंगवले गेले. तेही काम मेहुण्यालाच मिळालं, कारण जागेची माहिती त्यालाच होती.

पंधरा दिवस भाचीचं जेवणात लक्ष नव्हतं. नवरा घरात चोरपावलांनी चालायचा. शेवटी पाकीट आलं, तेव्हा मी नेमका तिथेच होतो. मी बहुतेक वेळा नेमका असतो. तिने उभ्याउभ्याच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. "काम समाधानकारक. कायम करण्यास हरकत नाही." मग शेवटची ओळ. "स्वभाव हट्टी."

"हे कशाला लिहायचं?" ती म्हणाली. "हे आता जन्मभर फायलीत राहणार."

नवरा हुशार आहे, तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. सासूबाईंनी चष्मा लावला, कागद उजेडात धरून शेवटची ओळ वाचली आणि तो व्यवस्थित घडी घालून परत दिला.

"एवढं कळायला त्यांना वर्ष लागलं?" त्या म्हणाल्या. "मला चौथ्या दिवशी कळलं होतं. तरी मी कायम केलंच ना. जा, हातपाय धू, जेवायला वाढते."