घोंगडीखालची बोटं

माझा आवाज असा, की मी पाटोद्यात खोकलो तर लिंबागणेशच्या देवळातली घंटा हालते. लांडगा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. माझी हाक ऐकून तो जिल्हा सोडून गेला म्हणतात. असा मी, आणि त्या सकाळी सार्वजनिक वाचनालयात एका पडद्याला घाबरून बसलो होतो.

आमची मेंढरं आहेत. त्यांच्या लोकरीच्या घोंगड्या कारभारीण मागावर विणते. पण गिऱ्हाईक आटलं. "यंदा माल गेला न्हाई तर माग फोडून चुलीत घालते," तिनं बजावलं होतं, आणि ती बोलते ते करते. ग्रंथपाल बाईंच्या कानावर हे गेलं. त्यांनी वाचनालयातला कॉम्प्युटर गावच्या धंदेवाल्यांना मोकळा केला होता. त्यावरूनच घोंगड्यांचे फोटो पाठवून त्यांनी पुण्याचा एक दुकानदार गाठला. आता तो पडद्यावर दिसत होता आणि म्हणत होता, "काका, भाव सांगा ना."

झालं! आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर कापड टाकायचं, खालून समोरच्याची बोटं दाबायची; जेवढी बोटं, तेवढा आकडा. शेजारच्याला वाससुद्धा लागता कामा नये. आणि वाचनालयात तर मुंगी चालली तरी ऐकू येते! त्यातून मागच्याच खुर्चीवर, पेपर उलटा धरून, तालुक्यातला घोंगड्यांचा व्यापारी बसलेला. त्याला भाव कळला की माझ्याआधी त्याचाच टेम्पो पुण्याला.

मी खांद्यावरची घोंगडी हातावर ओढली आणि बोटं पडद्याकडे सरकवली.

"अवं, काचंतनं हात कसा धरील त्यो?" शेजारी बसलेली कारभारीण करवादली.

"बोल की बे!" पेपरामागून व्यापारी म्हणाला. "कावून गप हाय? रोज तर आभाळ फाडतो."

पुण्याचा माणूस घड्याळ बघू लागला. मला असा घाम फुटला की त्यानं एखादी विहीर भरली असती. माग चुलीत धडधडताना दिसू लागला.

तेवढ्यात बाईंनी आपला हात घोंगडीखाली घातला. "दाबा, मामा. माझे आजोबा बैलबाजारात दलाल होते."

कारभारणीच्या डोळ्यांदेखत! पण मागाचा विचार करून, जीव मुठीत धरून, मी बोटं दाबली. बाईंनी आकडा मुकाट्यानं टाइप केला आणि 'उत्तरही लिहूनच द्या' असं जोडून पाठवला. उत्तर येईना. मग पडद्यावर काहीतरी उमटलं. बाईंनी वाचलं, हात पुन्हा घोंगडीखाली घातला आणि मी दाबली होती तेवढीच बोटं दाबली. त्याच भावात दुकानदारानं सगळा माल घेतला होता.

खरी धडकी भरली ती तेव्हा. घासाघीस न करता कुणी हो म्हणतं? बुडालो! लई स्वस्तात दिला!

"कितीला गेला वो?" कारभारणीनं भर वाचनालयात विचारलं. मागचा पेपर थरथरला.

मी तोंड मिटून घोंगडी तिच्या हातावर टाकली.